‘शरीर स्वतःच बनवतं’ म्हणून बाळाला चालतं? अजिबात नाही

माझ्या भाचीला पाचवा महिना चालू आहे. कंबरेतून निघून पोटरीपर्यंत उतरणारी कळ तिला रात्र रात्र झोपू देत नाही. परवा तिचा फोन आला, ‘मावशी, हे गांजाचं तेल घेतलं तर चालेल का गं? बाळालाही चांगलं असतं म्हणे.’ पाठोपाठ तो संदेश. तोच, जो मला याआधी तिघांनी पाठवला होता आणि मी दर वेळी न वाचता पुसून टाकला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

संदेशातलं म्हणणं थोडक्यात असं: गांजातला पदार्थ आपलं शरीर स्वतःच तयार करतं, शास्त्रज्ञांनी त्याला नावच ‘आनंद’वरून दिलंय. त्याने मेंदूत नव्या पेशी उगवतात. म्हणून गरोदर बाईने घेतलं तर दुखणं थांबतं आणि बाळाचा मेंदूही तल्लख होतो. कुठलंही जुनं दुखणं मुळापासून जातं. तेलात नशा नसते. आणि औषध कंपन्यांनी हे सगळं दाबून ठेवलंय.

क्रमाने जाण्याइतका धीर माझ्याकडे नाही. आधी बाळाचं.

नावाची गोष्ट खरी आहे. 1992 साली मेंदूत एक पदार्थ सापडला आणि ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून त्याला आनंदामाइड म्हटलं गेलं. पण शरीर बनवतं ते आनंदामाइड. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, शरीर बनवत नाही. दोन्ही पेशीवरच्या एकाच कुलपात बसतात, सीबी1 नावाच्या ग्राहीत, एवढंच त्यांचं साम्य. आनंदामाइड गरज पडेल तिथे, गरज पडेल तेव्हा तयार होतं आणि काम झालं की एक विकर (एन्झाइम) लगेच त्याचे तुकडे करतं. टीएचसी बाहेरून येतं, सगळीकडे एकदम पसरतं आणि चरबीत मुरून कित्येक दिवस राहतं.

मोठ्या माणसाच्या मेंदूत या फरकाचा परिणाम म्हणजे थोडी गुंगी, थोडा विसराळूपणा. गर्भाच्या मेंदूत गोष्टच वेगळी आहे. तिथे चेतापेशी अजून आपापली जागा शोधत असतात. प्रत्येकीतून एक लांब तंतू निघतो आणि त्याला नेमक्या पेशीपर्यंत पोहोचून जोडलं जायचं असतं. त्या तंतूच्या वाढत्या टोकावर सीबी1 असतात. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, हे सांगणाऱ्या खुणांपैकी एक खूण म्हणजे शरीराने स्वतः बनवलेले हेच पदार्थ. 2007 साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत हे काम छापून आलं. म्हणजे शरीर तो पदार्थ बनवतं हे खरंच, पण बनवतं ते वाट दाखवायला. वाटाड्या एकाच वेळी सगळ्या दिशांनी ओरडू लागला तर चालणाऱ्याने जायचं कुठे?

हे नुसतं तर्काने सांगत नाहीये. 2014 साली ‘एम्बो जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात गाभण उंदरांना टीएचसी दिलं. पिल्लांच्या मेंदूत तंतूंची रचना सांभाळणारं एक प्रथिन कमी झालं आणि जोडण्या बिघडल्या. संशोधकांनी मग गरोदरपणात गांजा घेतलेल्या स्त्रियांच्या गर्भांच्या मेंदूतली ऊती तपासली. स्मरणशक्तीशी निगडित हिपोकॅम्पस या भागात तेच प्रथिन तिथेही कमी आढळलं. गर्भ मधल्या महिन्यांतले होते. माझी भाची आज तिथेच आहे.

टीएचसी वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत जातं, पुढे आईच्या दुधातही उतरतं. गांजा ओढणाऱ्या मातांच्या बाळांचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध दिसतो, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 2017 च्या अहवालात नोंदलेलं आहे. तिथली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हे घेऊ नका असं स्पष्ट सांगते. आणि आपल्याकडे पोहोचतं काय, तर ‘बाळ तल्लख होतं’! हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याला आपण काय लिहितोय याची भीती कशी वाटली नाही?

आता ‘नव्या पेशी’. हे कुठून आलं तेही सांगते, कारण यात अर्धं सत्य आहे आणि तेच जास्त घातक ठरलंय. 2005 साली कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठात पूर्ण वाढ झालेल्या उंदरांना दहा दिवस एचयू-210 नावाचं द्रव्य टोचलं. हिपोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी वाढलेल्या दिसल्या. प्रयोग चांगला होता, ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’मध्ये आला. पण एचयू-210 प्रयोगशाळेत बनवलेलं द्रव्य आहे, टीएचसीपेक्षा कितीतरी पटींनी तीव्र. ते ना झाडात असतं, ना तेलाच्या बाटलीत. मोठ्या माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात की नाही यावरच शास्त्रज्ञांचं एकमत नाही: 2018 मध्ये एका गटाला त्या सापडल्या नाहीत, त्याच वर्षी दुसऱ्याला सापडल्या. आणि गर्भाचा मेंदू चेतापेशी तयार करायला कुणाच्या मदतीची वाट बघत नसतो. तिथे प्रश्न पेशींच्या संख्येचा नाहीच, त्या नीट जोडल्या जाण्याचा आहे.

दुखण्याबद्दल मला थोडं मागे यावं लागेल. काहींना फरक पडतो, हे मान्य. पण किती? वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने 2018 मध्ये नसांच्या जुनाट दुखण्यावरच्या 16 चाचण्या एकत्र तपासल्या, सुमारे 1750 रुग्ण. दुखणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालं असं सांगणारे गांजाजन्य औषध घेणाऱ्यांत शंभरातले 21, आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ मात्रा घेणाऱ्यांत 17. म्हणजे वीस-पंचवीस जणांना द्यावं तेव्हा एकाला जास्तीचा फायदा. चक्कर, गुंगी, गोंधळ असे त्रास मात्र 61 विरुद्ध 29. हाच निष्कर्ष मी भाचीला दोनदा वाचून दाखवला: फायद्यापेक्षा तोटा जास्त असू शकतो. या चाचण्या प्रौढांवरच्या होत्या. पोटातल्या बाळाचा हिशेब त्यात नाहीच. ‘मुळापासून जातं’ तर सोडूनच द्या. ऑक्सफर्डमधल्या 2013 च्या एका छोट्या प्रयोगात पायाला मिरचीतला जळजळणारा घटक लावून टीएचसी दिलं, तर कळ तेवढीच राहिली, तिचा जाच तेवढा कमी वाटला.

तेलात नशा नसते? 2017 मध्ये इंटरनेटवर विकली जाणारी सीबीडीची (गांजातला नशा न आणणारा घटक) 84 उत्पादनं तपासली; 18 मध्ये टीएचसी निघालं, आणि लेबलवरचं सीबीडीचं प्रमाण बरोबर होतं ते जेमतेम 31 टक्क्यांत. भाचीच्या बाटलीत काय आहे ते बाटलीवरून कळणार नाही.

आणि कंपन्यांनी दाबून ठेवलं म्हणे. टीएचसीची रचना 1964 पासून छापील आहे. आनंदामाइडचे तुकडे करणारं विकर रोखून दुखणं कमी करावं, यासाठी कंपन्यांनीच धडपड केली. फायझरचं तसं औषध गुडघेदुखीवर दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. त्याच चाचणीत नॅप्रोक्सेन हे जुनं वेदनाशामक सरस ठरलं. फ्रान्समधल्या रेन शहरात जानेवारी 2016 मध्ये याच प्रकारच्या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत एक निरोगी स्वयंसेवक दगावला. शरीराचा स्वतःचाच पदार्थ वाढवायला निघालेलं औषध होतं ते.

भाचीने बाटली उघडलेली नाही. उद्या ती तिच्या डॉक्टरांना कळ दाखवणार आहे, आणि बाटलीही. ज्या गटात हा संदेश आला त्यात आणखी दोघी गरोदर आहेत. हे लिहिलेलं मी आत्ता तिथेच पाठवते आहे.