आठशे बाय सहाशेची निळी विंडो

माझी अपेक्षा फार नव्हती. पडद्यावर आठशे पिक्सेल रुंद आणि सहाशे पिक्सेल उंच अशी एक विंडो उघडावी, तिच्यात निळा रंग असावा आणि कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केल्यावर तिने मुकाट्याने बंद व्हावे, एवढेच मला हवे होते. हे काम मी व्हल्कन, म्हणजे प्रोग्राममधून ग्राफिक्स कार्डाला कामे सांगण्याची एक प्रणाली, वापरून करायचे ठरवले. 2016 च्या फेब्रुवारीत क्रोनॉस समूहाने व्हल्कनची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. 1992 पासून चालत आलेल्या ओपनजीएल या तशाच जुन्या प्रणालीत ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर जे जे परस्पर ठरवून मोकळा होत असे, त्यातले पुष्कळसे ठरवण्याचे स्वातंत्र्य तिने प्रोग्रामरला दिले. हे स्वातंत्र्य नाकारण्याची सोय मात्र तिच्यात नाही.

विंडो उघडण्यासाठी जीएलएफडब्ल्यू नावाची एक गुणी लायब्ररी आहे. ती एका ओळीत विंडो तयार करते. फक्त जुन्या सवयीने ती ओपनजीएललाही सोबत आणते, म्हणून या वेळी एकटीच ये, असे तिला आधी बजावावे लागते. तसे बजावून मी प्रोग्राम चालवला. तो कसलीही कुरकुर न करता चालत राहिला आणि पडद्यावर काहीही आले नाही. माझ्या लिनक्सवर विंडो पडद्यावर मांडण्याचे काम वेलॅण्ड या व्यवस्थेकडे आहे, आणि ज्या विंडोत दाखवण्याजोगे काही नाही ती दाखवायचीच नाही, असा वेलॅण्डचा दंडक आहे. तत्त्व म्हणून मला तो मान्य आहे आणि वृत्तवाहिन्यांनाही तो लागू व्हावा असे वाटते. पण त्यामुळे नुसती विंडो दिसण्यासाठीसुद्धा चित्र काढण्याची संपूर्ण यंत्रणा उभी करणे भाग पडले.

व्हल्कनकडे सगळा व्यवहार लेखी असतो. प्रत्येक मागणीसाठी एक स्ट्रक्चर, म्हणजे ठरावीक रकान्यांचा माहितीचा संच, भरायचे, आणि समोरचे फंक्शन दुसरे कोणतेही स्ट्रक्चर स्वीकारत नसले तरी पहिल्या रकान्यात त्याचा प्रकार लिहायचाच. रेशनकार्डाच्या खिडकीवर रेशनकार्डाचाच छापील अर्ज देताना वर पुन्हा 'विषय : रेशनकार्ड' असे लिहावे, तसे. संगणकात ग्राफिक्स कार्डे कोणती आहेत हे विचारायचे तर तेच फंक्शन दोनदा बोलवावे लागते : आधी संख्या विचारायची, मग तेवढी जागा करून नावे न्यायला पुन्हा यायचे. यात काही चुकले, तर व्हल्कन सहसा चूक दाखवत नाही. चुका दाखवणारे व्हॅलिडेशन लेयर वेगळे असतात आणि तेही आपणच मागून घ्यायचे असतात. मी ते मागून घेतले. त्यानंतर टर्मिनलवर जे काही उमटू लागले, त्यापुढे आधीची शांतता बरी होती.

व्हल्कनला मुळात पडदा नावाची वस्तू ठाऊकच नाही. त्याच्या गाभ्यात केवळ गणन आणि चित्रण आहे. विंडोशी नाते जोडणारा सरफेस हे एक एक्स्टेन्शन, म्हणजे वरून लावायची जोडणी, आणि त्या सरफेसवर आळीपाळीने दाखवायच्या प्रतिमा सांभाळणारी स्वॉपचेन हे दुसरे. स्वॉपचेन करताना प्रतिमांचा आकार सांगावा लागतो, म्हणून मी सरफेसलाच त्याची सध्याची रुंदी विचारली. उत्तर आले 4294967295. उंचीही तेवढीच. इतका मोठा पडदा घरात कुठे लावणार, हा प्रश्न क्षणभर मनात आला. पण वेलॅण्डवर या आकड्याचा अर्थ 'तुमचे तुम्ही ठरवा' एवढाच असतो. ते साध्या शब्दांत सांगण्यापेक्षा बत्तीसच्या बत्तीस बिटांत एक भरून सांगणे कोणाला तरी अधिक सोयीचे वाटले असावे.

सर्वांत रम्य प्रकरण फेन्सचे आहे. ग्राफिक्स कार्ड आपल्या वेगाने काम करते आणि प्रोसेसर आपल्या, त्यामुळे नवी फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे पुढचे चित्र, सुरू करण्याआधी मागची पुरी होईपर्यंत प्रोसेसरला थांबवून धरणारी खूण म्हणजे फेन्स. व्यवस्था चोख आहे. अडचण पहिल्या फ्रेमची आहे. तिच्या मागे कोणीच नसते, तरीही नियम म्हणजे नियम, म्हणून ती आपल्या आधीच्या, कधीही अस्तित्वात नसलेल्या फ्रेमची वाट पाहत थांबते, आणि वेळमर्यादा घातली नसेल तर वीज जाईपर्यंत थांबते. यावरचा अधिकृत उपाय असा की फेन्स जन्मतःच 'काम पूर्ण' असा शेरा मारून तयार करायची. न झालेल्या कामाच्या पूर्णत्वाचा दाखला जोडल्याशिवाय पहिले काम सुरू होत नाही, हे वाचून मला प्रथमच व्हल्कनबद्दल आपुलकी वाटली.

मग कमांड बफर, सेमाफोर, रेंडर पास इत्यादी सोपस्कार उरकले आणि एका रविवारी दुपारी निळी विंडो उघडली. मी वडिलांना बोलावले. त्यांनी चष्मा लावून ती नीट पाहिली.

"पेंटमध्ये बादलीचं चित्र असतं बघ, रंग ओतायला," ते म्हणाले.

"बाबा, ही मी शून्यातून केली आहे."

"छान आहे. जरा मोठी कर की," असे म्हणून त्यांनी माउस हाती घेतला आणि विंडोचा कोपरा ओढला. चौकट वाढली, निळा रंग मात्र जागचा हलला नाही. स्वॉपचेनमधल्या प्रतिमांचा आकार एकदा ठरला की ठरला. विंडो बोटभर जरी वाढली, तरी स्वॉपचेन, तिच्या प्रतिमांची व्ह्यू आणि फ्रेमबफर हे सारे मोडून नव्याने उभे करायचे, आणि तेही ग्राफिक्स कार्ड त्यांपैकी काही वापरत नाही याची खात्री करून घेतल्यावर.

जीएलएफडब्ल्यूत विंडोचा आकार बदलण्यास मनाई करणारी एक ओळ आहे. ती मी त्याच संध्याकाळी लिहिली, आणि आठशे बाय सहाशे हाच विंडोचा सर्वांत शोभिवंत आकार आहे, असे बाबांना सांगितले.