वरातीचा पंखा

आमच्याकडे स्पोर्ट्स कार आहे, हे वाक्य मी आमच्या गावात एकदाच बोललो. आर्वीच्या बाजूचं आमचं गाव, पारावर बसलेली नेहमीची मंडळी. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं उठून गाडीभोवती फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि विचारलं, "यात कोणता खेळ खेळता जी?"

गाडी म्हणजे आजोबांची 1964ची स्टँडर्ड हेरल्ड. दोन दारं, 948 सीसीचं इंजिन, मद्रासची बनावट. तिला स्पोर्ट्स कार म्हणायला माझा आधार एवढाच, की इंग्लंडात याच हेरल्डची चासी आखूड करून 1962 साली ट्रायम्फ स्पिटफायर नावाची खरीखुरी स्पोर्ट्स कार काढली होती. म्हणजे नातं चुलत. आमच्याकडे चुलत नात्यावर लोक सरपंच होतात, माझ्या गाडीनंच काय घोडं मारलं? तिचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढच्या बाजूला उलटतं, मगरीनं जांभई द्यावी तसं. ते उघडलं की गावातले पोट्टे जमतात. आणि मे महिन्यात ते दर चार किलोमीटरवर उघडावं लागतं.

कारण गाडी तापते. मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा लागतो, तोवर ठीक. पण मुंबई-हावडा लाइनवरचं फाटक बंद झालं, पुढे कडब्याची बंडी आली, की संपलं. बाहेर 45 डिग्री, इंजिन मंद, आणि पंखा इंजिनाच्याच फिरण्यावर. ज्या वेळी वाऱ्याची खरी गरज, त्याच वेळी हा आळोखेपिळोखे देत फिरणार. मग रेडिएटरचं झाकण कुकरसारखं फुसफुसतं. फाटकाजवळच्या रसवंतीवाल्याला माझी गाडी दिसली की तो आधी पाण्याची बकेट भरून ठेवतो, मग माझ्यासाठी रस काढतो.

हे असंच चाललं असतं. पण भाच्याचं लग्न निघालं, आणि त्यानं मला गाठलं. "मामा, वरात तुमच्या गाडीतून काढायची. हूड काढून."

आता वरात म्हणजे काय ते समजून घ्या. मारुतीच्या देवळापासून मंडपापर्यंत एक किलोमीटर. वेळ दीड तास. पुढे बँडवाले, त्यांच्यापुढे नाचणारे, आणि नाचणारे पुढं जात नसतात, ते जागच्या जागी वर-खाली जातात. गाडीनं त्यांच्यामागं पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून सरपटायचं. फाटकावर दहा मिनिटांत उकळणारी गाडी दीड तास! नवरदेवाला घाम येतो तो ठीक, पण त्याच्या पायाशी वाफ निघाली तर पोरीकडचे काय म्हणतील?

मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री मूळचा ट्रॅक्टरचा, माझी गाडी तो फावल्या वेळात पाहतो. त्याचं निदान एका वाक्याचं होतं. "पंखा तुमच्या मर्जीनं नाई फिरत भाऊ, इंजिनाच्या मर्जीनं फिरते. त्याले करंट देऊ."

नागपूरच्या भंगारातून जुन्या मारुती 800चा विजेवरचा पंखा आणला. सातशे रुपये, मोटरीसकट. जुना लोखंडी पंखा काढला. तो आईनं ताबडतोब ताब्यात घेतला आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांवर दोरीनं टांगला, कावळे हाकलायला. तिथं तो वाऱ्यावर जितका फिरला तितका माझ्या गाडीत कधी फिरला नव्हता.

नवा पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला बसायला हवा. मारुतीत तो तिथंच असतो, तिथून वारा आत ओढतो. पण आमच्या गाडीत वॉटर पंपाचं नाक आणि रेडिएटर यांच्यात जेमतेम चार बोटं जागा, आणि मोटर वीतभर जाड. मिस्त्रीनं दोनदा ढकलून पाहिलं, एकदा शिवी देऊन पाहिलं.

"समोरून लावतो," तो म्हणाला.

"चालेल का?"

"पंखा हाय जी तो. पंख्याले काय मागं आन् काय समोर."

जुन्या कूलरच्या स्टँडचा अँगल कापला, चार पट्ट्या वेल्डिंग केल्या, पंखा जाळी आणि रेडिएटरच्या मधे घट्ट बसला, पात्यांचं तोंड रेडिएटरकडे, मोटर जाळीकडे. काळी वायर बॉडीला, लाल वायर घरच्या बोर्डावरच्या बटनातून बॅटरीला. होय, घरचंच बटन. डॅशबोर्डाखाली पांढरंशुभ्र, वर पंख्याचं चित्र. शेजारी मिस्त्रीनं ट्रॅक्टरचं टेंपरेचर मीटरही लावून दिलं. त्याला वीज लागत नाही, बारीक नळीतल्या दाबावर काटा चालतो.

बटन दाबलं. घर्रर्र झालं. मिस्त्रीनं खिशातून भाच्याच्याच लग्नाची पत्रिका काढली आणि जाळीसमोर धरली. पत्रिका थरथरली, सुळकन ओढली गेली आणि जाळीला चिकटली. श्री गणेशाय नमः दिसेल अशी सरळ.

"वढून रायला," मिस्त्री म्हणाला. एवढंच. पण त्या दिवशी मी फाटकावर मालगाडीची वाट पाहत थांबलो, मुद्दाम इंजिन चालू ठेवून. काटा 85 वर बसला तो हललाच नाही. रसवंतीवाल्यानं बकेट परत ठेवली. त्याच्या तोंडावर थोडी निराशाच दिसली मला.

लग्नाच्या दोन दिवस आधी पुण्याहून साडूभाऊ आले. ते इंजिनिअर आहेत. आल्या आल्या बॉनेट उघडायला लावलं, एक वायर बोटानं उचलली आणि डोळे मिटले.

"अहो, हे कुणी केलंय? ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे!"

खरंच आहे. त्या काळच्या बऱ्याच इंग्रजी बांधणीच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडत, मायनस नव्हे. म्हणजे मिस्त्रीनं नेहमीच्या सवयीनं काळी वायर बॉडीला लावली ती उलटी लागली. आणि असल्या मोटरीच्या वायरी उलट्या केल्या की ती उलटी फिरते.

"म्हणजे तुमचा पंखा इतके दिवस उलटा फिरतोय," साडूभाऊ म्हणाले. मला एकदम अपराधी वाटलं. काटा 85 वर राहत होता ही गोष्ट त्या क्षणी मला आठवलीच नाही. इंजिनिअर बोलत असला की माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आठवत नाही.

साडूभाऊंनी दुपारभर खपून सगळं शास्त्रशुद्ध केलं. घरचं बटन काढलं, रिले बसवला, 20 अँपिअरचा फ्यूज टाकला. बटनाखालची वायर मऊ होत आली होती हे त्यांनीच दाखवलं, तेवढं श्रेय त्यांचं. आणि मग वायरी सुलट केल्या. पंखा सुरू झाला तो आधीपेक्षा दुप्पट जोरानं.

"बघा! आता कसा फिरतोय!"

आम्ही दोघं शेताकडे निघालो. पांदणीत शिरलो तेव्हा काटा 95 वर. विहिरीपाशी 105. मोटारपंपाजवळ पोचलो तेव्हा झाकणातून शिट्टी आणि साडूभाऊंच्या पांढऱ्या शर्टावर गंजाचं पाणी.

मिस्त्री सायकलवर आला. त्यानं काही विचारलं नाही. तीच पत्रिका काढली (आता तिच्यावर ग्रीसचे डाग होते) आणि जाळीसमोर धरली. पत्रिका उडाली आणि साडूभाऊंच्या छातीला जाऊन चिकटली.

मला हे कळायला रात्र लागली, म्हणून सांगतो. मारुतीचा पंखा मागे बसून वारा स्वतःकडे ओढायला बनवलेला. तो मिस्त्रीनं तोंड फिरवून समोर बसवला, ही पहिली चूक. तिथं तो सुलटा फिरला असता तर गाडीतला वारा बाहेर फेकत बसला असता. पण मिस्त्रीनं वायरीही उलट्या लावल्या, ही दुसरी. दोन्ही मिळून वारा बरोबर रेडिएटरवर. उलटं फिरणारं पातं जरा कमी वारा फेकतं खरं, पण योग्य दिशेला. साडूभाऊंनी त्यातली एकच चूक दुरुस्त केली.

"मंग, दोन्ही सुधारता का दोन्ही ठेवता?" मिस्त्रीनं विचारलं. साडूभाऊ गंजाचे डाग झटकत होते. वायरी पुन्हा उलट्या झाल्या.

वरातीच्या दिवशी संध्याकाळीही हवेत भट्टीचा वास होता. नवरदेव फेटा बांधून मागच्या सीटच्या पाठीवर बसला, मी स्टिअरिंगवर, शेजारी मिस्त्री. तो वऱ्हाडी म्हणून आला होता, पण पाना खिशात होता. बँड सुरू झाला. पंखा सुरू झाला. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही ग्रामपंचायतीपर्यंत पोचलो. काटा 85.

मग अंधार पडला आणि मी हेडलाइट लावले.

बॅटरी भरली जात नसली की लागणारा डॅशबोर्डावरचा लाल दिवा मघापासून मिणमिणत होता, तो आता ठसठशीत झाला. माझ्या गाडीत बॅटरी भरायला अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. तो इंजिन पळत असेल तेव्हा फार तर 22 अँपिअर देतो, आणि वरातीच्या चालीला जवळजवळ काहीच नाही. पंखा आठ-नऊ खातो, हेडलाइट तेवढेच. सगळा खर्च बॅटरीच्या पुंजीतून. मी हे पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात वरातीचा उल्लेख नव्हता.

"लाइट बंद करा," मिस्त्री कुजबुजला.

"नवरदेव दिसणार नाही."

"मंग पंखा बंद करा."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानंही मान फिरवली. त्याचाही जीव झाला नाही.

शाळेसमोर नाचणाऱ्यांनी गोल केला आणि कुणी पुढं सरकेना. हेडलाइट पिवळे झाले, मग केशरी. हॉर्न म्हातारा खोकल्यासारखा वाजला. पंख्याची घरघर खाली खाली येत गेली, इंजिननं दोन आचके दिले आणि बंद पडलं. किल्ली फिरवली तर टिक् झालं फक्त.

"काय झालं मामा?" भाचा वरून म्हणाला.

मिस्त्री खाली उतरला, मागे गेला, आणि बँडच्या आवाजावर ओरडला, "हाना रे धक्का!" आठ-दहा जणांनी शेरवान्या सावरत हात लावला. खरं सांगतो, वरात आधीपेक्षा जोरात निघाली. मी स्टिअरिंग धरून बसलो. डॅशबोर्डावरच्या लाल दिव्याच्या काडीएवढ्या उजेडात ट्रॅक्टरचं मीटर दिसत होतं. काटा 85 वर.

मंडपाच्या दारात मुलीकडच्या एका काकांनी ढकलत आणलेली गाडी पाहिली आणि लगबगीनं पाण्याची बकेट घेऊन धावले. मिस्त्रीनं त्यांना हातानंच थांबवलं.

"पानी नोको जी," तो छाती काढून म्हणाला. "गाडी एकदम थंडी हाय. निस्ती चालत नाई."