आधी वाद करावा नेटका

रविवारी दुपारी पाच-सहा धडधाकट माणसं टेबलाभोवती जमली की ती डंजन्स अँड ड्रॅगन्स हा राक्षस-जादूच्या कथेचा खेळ खेळायला जमली आहेत, असा एक भाबडा समज आहे. तो आधी डोक्यातून काढून टाका. राक्षस मारायचे तर मोबाइलवर एकट्यानेही मारता येतात. भर ट्रॅफिकमधून, घरच्यांचे टोमणे ऐकून माणूस या टेबलापर्यंत येतो तो हुज्जत घालायला. तेव्हा ती नीट घाला.

नवख्यांसाठी थोडक्यात: एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. जग त्याचं, राक्षस त्याचे. बाकीचे प्रत्येकी एक कॅरेक्टर चालवतात. मारलेला घाव लागला की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. फाशाला जमत नाही ते नियमांचं पुस्तक ठरवतं आणि पुस्तकालाही जमलं नाही तर डीएम. या शेवटच्या वाक्याचा खेळाडूंना सोयीस्कर विसर पडतो. डीएमला मात्र तेवढंच एक पाठ असतं.

डीएम असाल तर एक पथ्य पाळा. काही टेबलांवर अशी वाईट सवय आहे की वाद निघाला की डीएम तिथल्या तिथे निर्णय देतो, खेळ पुढे सरकतो आणि पुस्तक नंतर निवांत उघडलं जातं. दोन मिनिटांत मिटतं सगळं. मग उरलेले चार तास करायचं काय? त्यापेक्षा पुस्तकं टेबलावरच ठेवा. २०१४ चं प्लेयर्स हँडबुक ३२० पानांचं आहे, २०२४ चं ३८४ पानांचं. दोन्ही ठेवा आणि आपण कोणत्या आवृत्तीने खेळतोय हे शेवटपर्यंत कुणाला कळू देऊ नका.

आता प्रात्यक्षिक. गुहेच्या तोंडाशी ओगर, म्हणजे एक धिप्पाड राक्षस, उभा आहे. क्लेरिकची, म्हणजे देवाच्या नावाने मंत्र टाकणाऱ्या कॅरेक्टरची, पाळी येते.

"मी क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर टाकतो. त्याच्या फुफ्फुसात."

"कशात?"

"फुफ्फुसात. पुस्तकात काय लिहिलंय? उघड्या भांड्यात दहा गॅलनपर्यंत पाणी तयार करता येतं. त्याचं तोंड उघडं आहे. तूच आत्ता म्हणालास, तो डरकाळी फोडतोय."

कच्चा डीएम इथे "फुफ्फुस म्हणजे भांडं नाही, दुसरं काय करतोस ते सांग" म्हणून मोकळा होतो. तुम्ही तसलं काही करू नका. तुम्ही म्हणा, "तोंड उघडं असलं म्हणून फुफ्फुस उघडं होत नाही, मध्ये स्वरयंत्र असतं." झालं. आता तुम्ही शरीरशास्त्रात उतरलात, आणि टेबलावर एक तरी बीडीएस असतोच. गेले कित्येक रविवार तो गप्प बसून धनुष्यबाण चालवत होता. आज त्याचा दिवस आहे. डरकाळी फोडताना घशात नेमकं काय काय उघडतं, हे तो स्वतःचा जबडा वासून दाखवतो. दहा गॅलन म्हणजे अडतीस लिटर, माणसाच्या फुफ्फुसात मावणार सहाएक, मग ओगर माणसाच्या किती पट, आणि उरलेलं पाणी कुठून बाहेर येणार? कुणीतरी कॅल्क्युलेटर काढतो. पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा चालवणारा, विचारतो, "म्हणजे त्याने तोंड मिटलं की झाकण लागलं असं धरायचं का?" प्रश्न थट्टेचा असतो, पण त्यावरही दोन तट पडतात.

इतक्यात भडंग संपतं. ओगर अजून आ वासून उभा. त्याचे ५९ हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, जसेच्या तसे. पहिल्या पातळीच्या मंत्राने अख्खा ओगर एका फटक्यात मरत असेल तर वरच्या पातळ्यांचे मंत्र छापलेच कशाला, असा साधा प्रश्न कुणाला सुचलाच, तर त्याला ताबडतोब चहा टाकायला पाठवा.

खेळाडूंनो, तुमच्याकडे येतो. नियम सगळे वाचायचे नसतात. आपल्या फायद्याचे तेवढे वाचायचे, पण पानाच्या क्रमांकासकट. ड्रॅगनचा दुसरा हल्ला डीएम विसरला तर छताकडे बघा. आपला विसरला तर लगेच पान काढा. तुमचे हिट पॉइंट चाळीस असताना नियमांचा अभ्यास करण्यात अर्थ नाही. ते तीनवर आले की अभ्यासाला आपोआप धार चढते. मेली म्हणून धरलेली कॅरेक्टरं कंसातल्या एका अर्धवट ओळीवर परत उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

भौतिकशास्त्राचाही असाच बेताने वापर करावा. शेतकऱ्यांची रांग ठाऊक आहे ना? दोनेक हजार शेतकरी ओळीने उभे करायचे. प्रत्येकाने तयारीत राहायचं आणि हातात भाला आला की पुढच्याला द्यायचा. पुस्तकाच्या हिशोबाने हे सगळं एकाच फेरीत होतं, आणि फेरी असते सहा सेकंदांची. म्हणजे भाला सहा सेकंदांत काही किलोमीटर गेला! आता त्या वेगाने तो ड्रॅगनला लागला तर किती डॅमेज, बोला. खरी हातचलाखी इथेच आहे. शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पुस्तक, आणि त्याच्या हातून भाला सुटला की न्यूटन. पुस्तकच शेवटपर्यंत धरलं तर तो शेवटचा शेतकरी साधा भाला फेकतो, साधा फासा टाकतो आणि बहुधा चुकतो. हे डीएमला सुचायच्या आत त्याला दोन हजार शेतकऱ्यांच्या रोजगाराच्या वाटाघाटीत गुंतवा. २०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडने नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे असं सांगताना नेमकं हेच भाल्याचं उदाहरण घेतलं आहे. तेव्हा ते पुस्तक डीएमच्या हाती शक्यतो लागू देऊ नका.

अधिकृत खुलासे मात्र जवळ असू द्यावेत. त्यांच्याइतकं सरपण कुठे मिळत नाही. २०१४ च्या नियमांत अदृश्य शत्रूवर वार करताना अडचण येते. ठीक आहे, दिसतच नाही तो. मग तुम्ही अदृश्य ते दिसण्याचा मंत्र टाकता आणि तो शत्रू तुम्हाला लख्ख दिसू लागतो. तरीही वार करताना अडचण तेवढीच! कारण त्या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहिल्या आहेत, आणि मंत्राने पहिलीच ओळ पुसली जाते. हे मी रचत नाही, नियमांच्या प्रमुख रचनाकारानेच असा खुलासा केला होता. २०२४ मध्ये ती चूक मुकाट्याने दुरुस्त झाली. पॅलाडिनच्या बुक्कीचंही तेच. जुन्या खुलाशाप्रमाणे बुक्की मारून डिव्हाइन स्माइट, म्हणजे घावाला जोडलेला दैवी तडाखा, लावता येत नाही, नव्या पुस्तकात येतो. दहा वर्षं लोक त्यावर भांडले, ती भांडणं आता बाद धरायची का, यावर एक रविवार सहज निघेल.

वाद अगदीच हाताबाहेर गेला तर डीएमने परंपरेचा आधार घ्यावा. गॅरी गायगॅक्सने डेव्ह आर्नसनबरोबर १९७४ मध्ये हा खेळ आणला, आणि त्रासदायक खेळाडूंचं काय करावं हे १९७९ च्या आपल्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये लिहून ठेवलं. सर्वांदेखत जादा राक्षसाचा फासा टाकावा. कायम बेसावध गाठणारी एक ममी अंगावर सोडावी. आकाशातून निळ्या विजा नेमक्या त्याच्याच डोक्यावर पाडाव्यात. नाहीतर त्याच्या कॅरेक्टरचा करिष्म्याचा एक पॉइंट कायमचा कापावा. समजावून सांगणं, बाजूला घेऊन बोलणं वगैरे मिळमिळीत प्रकारांपेक्षा हे किती सुटसुटीत! याच माणसाने पुस्तक संपताना नियमांच्या अक्षरापेक्षा खेळाचा आत्मा मोठा, असंही लिहिलंय म्हणा. पण तिथवर वाचत कोण जातं?

पहिल्या खेळाआधी एकत्र बसून कोणते नियम पाळायचे, निर्णय कुणाचा, अडलं तर काय करायचं हे ठरवून घेण्याची एक पद्धत आहे. तिला सेशन झीरो म्हणतात. तिच्याबद्दल मी काही बोलत नाही, उगाच कुणी करून बघायचं.

एका संकटाची मात्र आगाऊ कल्पना देतो, कारण त्यावर कुठल्याच पुस्तकात उतारा नाही. तुम्ही ठासून सांगता, "नाही, फुफ्फुस म्हणजे भांडं नाही." तुमच्या हाताखाली तीन पानं उघडी आहेत, बीडीएसने घसा खाकरून घेतला आहे. आणि क्लेरिक म्हणतो, "बरं, तू म्हणशील तसं. मग मी गदेने मारतो."

सगळे तुमच्याकडे बघतात. आता ओगर मरणार, आणि मंडळी गुहेत शिरणार. गुहेत काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, कारण इथेच संध्याकाळ होईल असा तुमचा हिशोब होता. घाबरू नका. पुस्तक पुढे ओढा, गंभीर चेहरा करा आणि म्हणा, "थांब जरा. तुझ्या म्हणण्यातही तथ्य आहे. उघडं भांडं म्हणजे नक्की काय, हे तपासायला हवं." आणि क्लेरिकच्या बाजूने भांडायला सुरुवात करा.