एका पडद्याची वाटणी

सुमारे चार फूट रुंदीचा ४९ इंची अल्ट्रावाइड मॉनिटर विकणारा ‘मध्ये पट्टी नाही’ हा त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणून सांगतो, आणि घेणारा तो घरी आणल्यावर मध्ये पट्टी कशी घालता येईल याच्या मागे लागतो. ५१२० गुणिले १४४० पिक्सेल, म्हणजे पूर्वीच्या २७ इंची दोन मॉनिटरांची तंतोतंत बेरीज. पण संगणकाच्या लेखी हे एकत्र कुटुंब. सभेत पडदा दाखवायला घेतला की ३२:९ प्रमाणाचे माझे वैभव सहकाऱ्यांच्या १६:९ लॅपटॉपवर निम्म्याच उंचीत मावते, आणि वरखाली काळोख पसरतो. ‘अक्षरं जरा मोठी करता का?’ अशी विनंती येते. मी ती इतकी मोठी करतो की स्वयंपाकघरातून आईलाही वाचता येतात, आणि आमच्या तिमाही खर्चाविषयी तिचीही काही मते असतात.

तेव्हा वाटणी करणे आले. विंडोजसाठीच्या पॉवरटॉइज या साधनसंचातील फॅन्सीझोन्स ही तोंडी वाटणी होय. शिफ्ट दाबून खिडकी ओढली की ती नेमून दिलेल्या भागात गुमान बसते. मात्र ‘मॅक्सिमाइझ’ दाबताच बांध कोरून सगळे शिवार आपलेच म्हणते. तिचा तरी काय दोष? मॉनिटर कागदोपत्री एकच आहे.

कागदोपत्री वाटणी हवी असेल तर घरच्या लिनक्सवर, एक्स-ऑर्ग या पडदा सांभाळणाऱ्या जुन्या व्यवस्थेत, ‘एक्सरँडर’ या आज्ञेचा ‘सेटमॉनिटर’ हा पर्याय आहे. तो प्रत्येक हिश्श्याची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये मागतो, शिवाय मिलिमीटरमध्येही मागतो, त्यामुळे मी फूटपट्टी घेऊन पडद्यासमोर उभा असलेला पाहून घरच्यांनी चौकशी केली. थोरल्या हिश्श्याच्या नावे खरी केबल लावायची आणि धाकट्याच्या रकान्यात ‘नन’, म्हणजे ‘कोणी नाही’, असे लिहायचे, हा अन्याय तर आज्ञेतच लिहिलेला आहे. एवढे करून खिडक्या खरोखरच आपापल्या हद्दीत मोठ्या होतात, आणि संगणक पुन्हा सुरू केला की सगळी नोंद पुसली जाते. ती आज्ञा दर वेळी आपोआप चालेल अशी तजवीज करावी लागते. एक्स-ऑर्गच्या जागी आलेल्या वेलँडवर तर हा दस्तऐवज ग्राह्यच धरत नाहीत.

उरली मध्ये भिंत घालण्याची सोय. तिला ‘पिक्चर बाय पिक्चर’ म्हणतात. एकाच संगणकातून दोन केबली मॉनिटरला जोडायच्या, आणि त्याच्या पाठीमागचे न दिसणारे बटण चाचपडत मेनूतून पडदा दुभंगायचा. आता संगणकाला शपथेवर दोन मॉनिटर दिसतात. माझा मॉनिटर मात्र या अवस्थेत १४४ हर्ट्झवरून (सेकंदाला तितक्या वेळा चित्र ताजे होते) ६० वर येतो, म्हणजे ज्या चपळाईचे पैसे मोजले ती वाटणीत कोणाच्याच वाट्याला येत नाही. शिवाय वक्र पडद्याचा मध्य बरोबर नाकासमोर येतो आणि हद्दही तिथेच असते. एक मोठा मधला भाग आणि दोन्ही बाजूंना निमनिमे, ही खरी शहाणी वाटणी. पण माझ्या मॉनिटरचा मेनू दोनच वारस मानतो. त्यामुळे खुर्ची डाव्या हिश्श्यासमोर सरकवली आहे आणि उजवा हिस्सा सभेसाठी राखून ठेवला आहे.

परवा तोच तेवढा दाखवला. अक्षरे सर्वांना स्वच्छ दिसली. ‘शेवटी साधा मॉनिटर घेतलात, हे फार बरं केलंत,’ असे साहेब सर्वांसमक्ष म्हणाले आणि त्याचे बिल लेखा विभागाकडे पाठवून द्या, असेही त्यांनी सांगितले.