न उघडलेल्या डब्याचे लाड

इंजिन ऑइलचा सीलबंद डबा घरात आला की गाडीपेक्षा जागेचाच प्रश्न आधी उभा राहतो. स्वयंपाकघरात तो कुणी ठेवू देत नाही, बाहेरच्या खोलीत तो शोभत नाही, आणि बाल्कनीत घरच्यांना चालतो पण तेलाला चालत नाही. तेलाला जागा हवी ती कोरडी, अंधारी, वर्षभर एकसारख्या तापमानाची. थोडक्यात, कपाटाचा खालचा कप्पा. तिथे जास्तीच्या चादरींचं राज्य असतं आणि चादरींच्या वतीने भांडणारे वकील घरात पुष्कळ असतात.

वकिलांचा पहिला मुद्दा बिनतोड असतो. जे तेल इंजिनात शंभर अंशांच्या आसपास तासन्‌तास नांदतं, पिस्टनच्या रिंगांपाशी २००च्या वरचे चटके सोसतं, त्याला बाल्कनीतल्या उन्हाचं एवढं काय? मला हा प्रश्न मनापासून आवडतो, कारण बहुतेक डबे याच प्रश्नामुळे बाल्कनीत जातात.

उत्तर असं की इंजिनात तेल नीट तापलं की त्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं, आणि ठरलेले किलोमीटर झाले की तेलालाच निरोप मिळतो. डब्यात यातलं काहीच होत नाही. आत शिरलेला ओलावा मुक्कामाला राहतो. आणि तो शिरतो कसा, तर डबा श्वास घेतो म्हणून. तेल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. ४ लिटरच्या डब्यात दिवसा-रात्रीचा २० अंशांचा फरक पडला तर तेल सुमारे ५६ मिलिलिटरने वाढतं-घटतं. दुपारी वरची हवा दाबली जाते, फट मिळाली तर बाहेर पडते. रात्री तेल आकसलं की त्याच फटीतून बाहेरची दमट हवा आत येते. झाकणाखालची फॉइल शाबूत असेल तर हा प्राणायाम जवळपास बंद राहतो, फक्त प्लॅस्टिकच्या भिंती आतबाहेर होत राहतात. म्हणून पोट खपाटीला गेलेला डबा दिसला की मी आधी झाकण न्याहाळतो.

छोट्या डब्याचं एक वेळ भागतं. खरी गंमत २०० लिटरच्या ड्रममध्ये. तिथे हाच हिशेब २.८ लिटरवर जातो आणि फॉइलऐवजी असतात आट्यांची दोन बुचं. ड्रम पावसात उभा असेल तर वरच्या कडेच्या आत पाण्याचं तळं साचतं, बूच त्यात बुडतं आणि रात्री ड्रम गार पडला की तो हवा नव्हे, चक्क पाणी ओढतो. बूच घट्ट होतं, या सबबीचा उपयोग नाही. ड्रम आडवा ठेवावा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी. म्हणजे ती तेलाच्या पातळीखाली राहतात, वायसर ओले राहतात आणि हवेला वाट मिळत नाही. उभाच ठेवणं भाग असेल तर एका बाजूला लाकडाचा ठोकळा सरकवून कलता ठेवावा, आणि पाणी ज्या कडेला उतरेल तिथे बूच येऊ देऊ नये.

पाणी मिसळलेलं तेल दुधाळ दिसतं. त्याहून वाईट म्हणजे तेलात मिसळलेली काही अॅडिटिव्ह, म्हणजे गुण वाढवणारी रसायनं, पाण्याशी नको ते संबंध जोडतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. फेस रोखणारं सिलिकॉन तर मुळात तेलात विरघळलेलंच नसतं, बारीक थेंबांच्या रूपात तरंगत असतं. त्याला तळ गाठायला निमित्त पुरतं.

आकडेच हवे असतील तर ५ ते ३० अंश ही निर्धास्त पट्टी. एखादी दुपार ४०वर गेली म्हणून धावपळ नको. दर १० अंशांना ऑक्सिडेशनचा, म्हणजे ऑक्सिजनमुळे तेल खराब होण्याचा, वेग साधारण दुप्पट होतो हे खरं, पण साध्या तापमानाला तो वेगच इतका मंद की दुप्पट होऊनही तो रांगतच असतो. मात्र उन्हात उभ्या गाडीची डिकी, तापलेल्या पत्र्याखालची वरची फळी, बॉयलरशेजारचा कोपरा या जागा नकोतच. उन्हाने प्लॅस्टिकही ठिसूळ होतं. लोखंडी डबा ओलसर फरशीवर ठेवला तर बुडाला गंजतो, तेव्हा खाली फळी हवी.

थंडीचं प्रकरण त्या मानाने सोपं. डब्यावरच्या ‘डब्ल्यू’चा आकडा तेलाचा थंडीतला दर्जा सांगतो. २०डब्ल्यूचं तेल उणे १५ला आणि ५डब्ल्यूचं उणे ३०ला इंजिन फिरवू देतं की नाही, याची चाचणी होते. डबाही गारठून फुटत नाही, तेल घट्ट होतं, इतकंच. खनिज तेलात मेणाचे कण दिसून ते गढूळलं तरी ऊब मिळाल्यावर निवळतं. फक्त ती ऊब शेगडीवर द्यायची नाही. थंड डबा उबदार खोलीत आणला की बाहेरून घामतो. त्या क्षणी झाकण उघडलं तर तोच घाम आत जाणार. एक दिवस न उघडता ठेवावा, पुसावा, मग हात लावावा.

एवढे लाड करूनही तेल अमर होत नाही. बरेच उत्पादक सीलबंद डब्याला ३ ते ५ वर्षं देतात, आणि आपल्या डब्यावर जे छापलंय तेच प्रमाण. तारीख बुडाशी किंवा मानेवर अशा बारीक ठशांत असते की ती वाचायला चष्मा आणि टॉर्च दोन्ही लागतात. जुना डबा पुढे, नवा मागे. वर्गही तपासावा. तेलाचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकी संस्थेचा एसपी वर्ग २०२०मध्ये आला, म्हणजे आधीच्या वर्गाचं तेल कपाटात ठणठणीत असूनही नव्या इंजिनाच्या पुस्तिकेत नापास होऊ शकतं.

वापरायच्या दिवशी बंद डबा पाच-सहा वेळा उलटसुलट करावा आणि थोडं तेल स्वच्छ काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरावं. दुधाळ, चिकट गोळ्यांचं किंवा तळाशी न मिसळणारा थर असलेलं तेल इंजिनात घालू नये; ते वापरलेल्या तेलासोबत गोळा करणाऱ्याकडे द्यावं.

तेल स्वच्छ निघालं तर इंजिनाला साडेतीन लिटर लागतं आणि डब्यात अर्धा लिटर उरतं. आता फॉइल फाटलेली, म्हणजे वर्षभराच्या आत संपवायचं. झाकणावर मार्करने तारीख टाका आणि डबा पुन्हा खालच्या कप्प्यात नेऊन ठेवा. चादरी एव्हाना परत आलेल्या असतात.