शब्दकोडे एकट्याचे की चौघांचे?

रविवारी सकाळी कट्ट्यावर जमलो, की गप्पांच्या मधोमध पुरवणीतले शब्दकोडे उघडे असते. या वेळी कोडे अर्धेच सुटले आणि वाद मात्र दुपारपर्यंत चालला, कारण आडव्या सातसमोरचे 'कमळ, तीन अक्षरे' एवढे वाचून होताच एकाने मोठ्याने "सरोज" असे सांगून पेनने लिहूनही टाकले.

"कोडे एकट्यानेच सोडवायचे असते. उत्तर कानावर पडले, की डोक्यात चाललेली शोधाशोध तिथेच थांबते," असे आमच्यातील सर्वांत जुना कोडेप्रेमी चिडून म्हणाला. उत्तर सांगणाऱ्याचे म्हणणे असे, की २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे छापून आले, तेच मुळी रविवारच्या करमणुकीच्या पुरवणीत. मग सगळे निवांत असण्याच्या दिवशीचा खेळ कोपऱ्यात बसून का खेळायचा?

वादाला खरे वळण दिले ते मैत्रिणीने. "पण सरोजच कशावरून? पंकज, नीरज, अंबुज, जलज हेही तीन अक्षरीच आहेत," असे म्हणून तिने उभ्या सातकडे बोट दाखवले. तिथे 'निळे रत्न' असा अर्थ दिला होता. ते नीलम, म्हणजे सामाईक चौकटीत 'नी' हवा आणि कमळ नीरजच ठरते. मराठी कोड्याचे हे बळ मला फार मोलाचे वाटते. आपल्या चौकटीत काना, मात्रा, वेलांटीसकट पूर्ण अक्षर बसते, त्यामुळे 'न' किंवा 'नि' चालत नाही आणि एकच छेद अनेक शक्यता एका फटक्यात बाद करतो.

मोबाइलवर अर्थ शोधावा का, हा प्रश्नही निघाला. त्याला सर्वांनीच नकार दिला.

माझे मत मी तिथेच मांडले. सोबत हवीच, कारण कमळाची नावे एकाला येतात आणि रत्नांची दुसऱ्याला. परंतु ज्याला शब्द सुचला त्याने तो मनात ठेवून इतरांना फक्त छेदाचे अक्षर द्यावे. जुन्या कोडेप्रेमीला हेही पूर्ण पटले नाही, आणि त्याचा एकांताचा आग्रह मला समजतो. उभा अकरा अजून रिकामा आहे. तो कोणीही घरी जाऊन सोडवायचा नाही, एवढ्यावर मात्र चौघांचे एकमत झाले.