वीस झोक्यांचा करार

मुलांना बागेत नेलं की आपण जरा निवांत बसू, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा रविवारी संध्याकाळी दोन मुलं घेऊन जावं. गोव्यात डिचोली घ्या नाहीतर कुडचडें घ्या, सामान ठरलेलंच. एक घसरगुंडी, एक सीसॉ, दोन झोके. त्यातला एक वर गुंडाळून बांधलेला.

घसरगुंडी पत्र्याची असेल तर एप्रिलमध्ये पाचच्या आत पोचू नये. हात उलटा करून पाच सेकंद टेकवावा. टेकवत नसेल तर ‘ती आज झोपलीय’ म्हणून सांगावं. मुलाला मांडीवर घेऊन आपण मात्र घसरू नये. त्याच्या बुटाचा रबरी तळ कडेला अडकतो, पाय थांबतो, आपण थांबत नाही, आणि सगळा भार नडगीवर येतो.

सीसॉवर एका टोकाला 12 किलो, दुसऱ्या टोकाला 18. हिशेब सोपा आहे: धाकटा मधल्या खुंट्यापासून दीड मीटरवर असेल तर थोरल्याने एक मीटरवर बसावं. पण धरायचा दांडा दीड मीटरवरच जोडलेला! मग धाकट्याच्या बाजूला सहा किलोचं वजन म्हणून पालकाने उभं राहायचं आणि फळी दाबत बसायची. थोरल्याला झोका रिकामा दिसला की तो न सांगता उतरतो. खाली अर्धा पुरलेला टायर असला तर धाकट्याचे दात शाबूत.

खरी लढाई झोक्यावर. आधी वर बघावं, आकडा घासून अर्धा झालेला असेल तर बसवू नये. नुसती कुरकुर ऐकून घाबरायचं कारण नाही, खाऱ्या हवेत कड्या कुरकुरतातच. साखळी दोन मीटरची असेल तर एक झोका जवळपास 2.8 सेकंदांचा, मूल हलकं असो की जड. म्हणजे वीस झोके झाले की मिनिट झालं. रांगेतल्या दुसऱ्या आईशी हाच करार करावा. मोजणी मात्र मुलाकडे देऊ नये. ते ‘अठरा, एकोणीस’पर्यंत येतं आणि पुन्हा बारावर जातं.

आंब्याखालचा कट्टा रिकामा दिसला तर तो का रिकामा आहे याचा विचार करावा. हुमले, म्हणजे झाडावरच्या चावऱ्या तांबड्या मुंग्या.

चड्डीला लागलेली तांबडी माती ओली असताना चोळू नये. वाळू द्यावी, झटकावी, मग थंड पाण्यात घालावी. तो लोखंडाचा गंज आहे, ब्लीचला दाद देत नाही. लिंबू थोडंफार काम करतं.

निघायची वेळ झाली की पाच मिनिटं आधी सांगावं, असं जाणकार म्हणतात. त्या जाणकारांच्या बागेबाहेर आइस्क्रीमची गाडी नसावी. आमच्याकडे ती फाटकाला चिकटूनच उभी असते, आणि घंटी बरोबर धाकट्याच्या कानाच्या उंचीला.

“माका जाय!” म्हणजे, मला हवं!

स्कूटरची चावी झोक्याखालच्या मातीत कुठेतरी पडलेली असते.